फेरपरीक्षेचे सात दिवस

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या नवव्या कलमात अशी तरतूद आहे की, वाहन चालविण्याच्या चाचणीत जो अर्जदार अनुत्तीर्ण होईल त्याला सात दिवसांच्या अवधीनंतर पुन्हा चाचणीस बसण्याची अनुमती देता येईल; आणि तीन वेळा बसूनही तो उत्तीर्ण झाला नाही, तर शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस उलटल्याखेरीज त्याला पुन्हा बसता येणार नाही. त्या सात दिवसांत अर्जदाराने काय करावे, याविषयी हे कलम काहीच सांगत नाही. कदाचित ते सांगण्याचे काम कायद्याचे नसेलही. परंतु ज्याच्यावर हे सात दिवस काढण्याची वेळ येते त्याला हा प्रश्न टाळता येत नाही. आज माझा सहावा दिवस आहे.

जिने उभा जन्म इतरांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात घालविला तिने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी स्वतः नापास व्हावे, यात काव्यगत न्याय आहे, असे माझे काही जुने विद्यार्थी म्हणतील. त्यांचे म्हणणे मी नाकारणार नाही. तथापि मला येथे माझ्या फजितीची कथा सांगायची नाही. या निमित्ताने एक नैतिक प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. तो मी पूर्वी अनेकदा पाहिला होता. पण परीक्षकाच्या खुर्चीतून पाहिला होता. उमेदवाराच्या बाकावरून तो निराळा दिसतो. नापास करणाऱ्याने नापास झालेल्यावर अन्याय केला की उपकार केला, आणि उपकार केला असेल तर तो कोणावर, असा तो प्रश्न आहे.

प्रथम जे घडले ते थोडक्यात सांगते. शहराबाहेरच्या एका मोकळ्या मैदानावर चुन्याने आखलेल्या रेषांमधून गाडी मागे घ्यायची होती. पुढे जाणे, वळणे, थांबणे हे सर्व मी नीट पार पाडले होते. गाडी मागे घेताना मी आरशात पाहिले. दोन्ही रेषा स्वच्छ दिसत होत्या, आणि मी त्या रेषांकडेच पाहत राहिले. तेवढ्यात शेजारी बसलेले परीक्षक अधिकारी ‘रोकिए!’ म्हणून ओरडले. मी ब्रेक दाबला. गाडीच्या मागून दहा-बारा वर्षांचा एक मुलगा एका हातात चहाची केटली आणि दुसऱ्या हातात कुल्हडांची चळत घेऊन चालला होता. त्याला काहीही झाले नाही. आपल्या मागे काही घडले याचा त्याला पत्ताही नव्हता. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, ‘माताजी, पीछे देखा था?’ मी म्हटले, ‘आरशात पाहिले होते.’ त्यांनी कागदावर खूण केली आणि आठवड्याने यायला सांगितले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि सांत्वनही नव्हते.

फाटकाबाहेर आले तेव्हा एक गृहस्थ जणू माझीच वाट पाहत उभे होते. अशी माणसे अशा ठिकाणी असतातच. ‘या वयात पुन्हा कशाला त्रास घेता, माताजी? दुबारा येण्याची गरज नाही, सगळे होऊन जाईल,’ असे त्यांनी अत्यंत आदराने सुचविले. त्यांनी सांगितलेली रक्कमही फार नव्हती. मी त्यांना लगेच नकार दिला असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. पण ते खरे नाही. मी ‘विचार करून सांगते’ असे म्हणाले.

हा विचार करण्यास कारण होते. माझ्या यजमानांना काचबिंदू आहे. नजर कडेने मिटत चालली आहे हे ध्यानात आल्यावर, कोणी सांगण्याची वाट न पाहता, गेल्या वर्षी त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हाती दिली आणि ते पुन्हा चालकाच्या जागेवर बसले नाहीत. दुर्गाघाटाच्या गल्लीतील आमच्या जुन्या घरात राहत होतो तोवर गाडीचा प्रश्नच नव्हता; तेथे दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे लागते. आता आम्ही लंकेच्याही पलीकडच्या वस्तीत राहतो. रात्रीअपरात्री डॉक्टरांकडे जायचे झाले तर रिक्षा मिळेल याची शाश्वती नाही. परवाना ही माझी हौस नव्हती. ती गरज होती. आणि गरज ही फार वाक्पटू असते. आपण एवढी वर्षे प्रामाणिकपणे वागलो, आता एका कागदासाठी एकदा डोळेझाक केली तर काय बिघडले, असे ती विचारते.

या डोळेझाकीचे स्वरूप केवळ खाजगी नाही. मारियान बर्ट्रांड, सिमियन जान्कोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीत परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या ८२२ जणांचा अभ्यास करून तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. परवाना मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी चाचणी दिलेलीच नव्हती, आणि स्वतंत्रपणे घेतलेल्या चाचणीत निम्म्याहून अधिक जण वाहन चालविण्यास अपात्र ठरले, असे त्यांना आढळले. आपण लाच म्हणजे पैशाचा अपहार समजतो. या अभ्यासाने दाखविले ते असे की, येथे पैसा ही दुय्यम गोष्ट आहे. मुख्य गोष्ट ही की, ज्याला येत नाही त्याला ‘येते’ असे लिहून दिले जाते.

येथे परीक्षेच्या दोन प्रकारांत भेद करावा लागतो. एखादा विद्यार्थी काव्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत अनुत्तीर्ण झाला तर हानी मुख्यतः त्याची होते. त्याला ध्वनी आणि वक्रोक्ती यांतील फरक कळला नाही, म्हणून रस्त्यावरच्या कोणाचे हाड मोडत नाही. वाहनाच्या चाचणीत मात्र उमेदवार आणि परीक्षक यांच्याखेरीज एक तिसरा मनुष्य गुंतलेला असतो. तो त्या मैदानावर हजर नसतो. आपल्याविषयी काही निर्णय होत आहे हे त्याला ठाऊक नसते. तो कोठेतरी रस्ता ओलांडत असतो, सायकल चालवीत असतो, नातवंडाचे बोट धरून उभा असतो. परवाना हे वस्तुतः त्या अपरिचिताला दिलेले वचन आहे, आणि ते वचन उमेदवाराच्या वतीने शासन देते.

कायद्याच्या इतिहासाकडे पाहिले तरी हेच दिसते. ब्रिटनमध्ये वाहन चालविण्याची चाचणी १ जून १९३५ पासून सक्तीची झाली, ती रस्त्यावरचे मृत्यू असह्य झाल्यामुळे. आपल्याकडील १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चाचणीच्या वेळी उमेदवाराने काय काय करून दाखवावे याची लांब यादी आहे. तीत पोलीस किंवा दिवे नसलेल्या ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्याला अग्रक्रम देणे हेही आहे. यादी नीट वाचली म्हणजे लक्षात येते की तीतील पुष्कळ कलमे यंत्राविषयी नसून इतर माणसांविषयी आहेत. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील सुमारे तेहतीस हजार पायी चालणारी होती. हे तेहतीस हजार कोणत्याही चाचणीला बसले नव्हते.

हे सर्व मला एका दुपारी सुचले असे नाही. त्या गृहस्थांना ‘विचार करून सांगते’ म्हणून घरी आले, तेव्हा मला पुष्कळ वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. एका अध्यापक महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षेसाठी मी बाह्य परीक्षक म्हणून गेले होते. एका उमेदवाराने सातवीच्या वर्गावर मराठीचा पाठ घेतला. त्याला कविता कळली नव्हती हे तर खरेच. पण त्याहून वाईट म्हणजे, मुलांना ती कळते आहे की नाही याकडे त्याचे लक्षच नव्हते. पाठ टिपणाप्रमाणे पुढे जात होता आणि मुले मागे राहत होती. पाठ संपल्यावर त्याने मला घरची स्थिती सांगितली. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी बहीण लग्नाची, नोकरी ठरलेली, फक्त प्रमाणपत्राची वाट. मी त्याला कृपागुण देऊन उत्तीर्ण केले. त्या रात्री मला स्वस्थ झोप लागली. किंबहुना आपण एक चांगले काम केले असेच मला वाटले.

आज त्या गोष्टीकडे पाहताना मला जाणवते ते हे की, त्या सकाळी मी तिसऱ्याचा विचार केला नव्हता. पुढची तीस वर्षे त्याच्या वर्गांत जी मुले बसली असतील, त्यांच्या खात्यातून काढून मी ती कृपा त्याला दिली. तो पुढे उत्तम शिक्षक झाला असेल, अशीही शक्यता आहे. तसे झाले असेल तर त्याचे श्रेय त्याचे आहे, माझे नव्हे. मी त्याला नापास केले असते, तर काही महिन्यांनी तो पुन्हा आला असता; कदाचित मधल्या काळात कोणी त्याला मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहायला शिकविले असते. ते मी होऊ दिले नाही. दया करण्याचा अधिकार मनुष्याला असतो, परंतु ती स्वतःच्या पदरचे देऊन करावयाची असते. दुसऱ्याच्या पदरचे देऊन केलेल्या दयेला आपण दुसरे नाव दिले पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. माझ्यासारख्या निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाईला सात दिवस थांबणे परवडते. पण ज्याची चूल परवान्यावर अवलंबून आहे, ज्याला एक दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा रांगेत उभे राहावे लागते, त्याने काय करावे? त्याला प्रामाणिकपणाचा उपदेश करणे सोपे आहे. शिवाय चांगले चालविणाऱ्यालाही खिडकी-खिडकीवर अडवून दलालाकडे ढकलले जात असेल, तर दोष त्याच्या एकट्याचा कसा? हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु त्यातून निघते ते एवढेच की, चाचणी न्याय्य, स्वस्त आणि सुलभ असली पाहिजे. ती नसली तरी चालेल, असे त्यातून निघत नाही. आणि रस्त्यावर मरणारे जे पादचारी असतात त्यांत मजुरी बुडवून रांगेत उभा राहणाराही असतो, हे विसरता येत नाही. गरिबाच्या नावाने चाचणीला फाटा देणारा गरिबालाच रस्त्यावर उघडे पाडतो.

तर मी थांबायचे ठरविले. यजमानांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, मी वर्षभर थांबलोच आहे. सात दिवसांचे काय एवढे?’ त्यांना मी त्या गृहस्थांची हकीकतही सांगितली. ते काही बोलले नाहीत. मला आठवले की, त्यांची स्वतःची परवान्याची मुदत अजून संपलेली नव्हती; कायद्याने त्यांना कोणी अडविले नसते. त्यांनी स्वतःच स्वतःला अनुत्तीर्ण केले होते, आणि तेथे फेरपरीक्षा नव्हती.

काशीत राहणाऱ्याला प्रतीक्षेचे नवल वाटत नाही. या नगरीत माणसे शतकानुशतके मरणाची वाट पाहण्यासाठी येत आली आहेत; १९०८ मध्ये स्थापन झालेल्या येथील मुक्तिभवनात त्यासाठीच खोल्या आहेत. त्या प्रतीक्षेत करण्यासारखे काही उरलेले नसते. जे करायचे ते करून झालेले असते, अथवा राहून गेलेले असते. फेरपरीक्षेची प्रतीक्षा याच्या नेमकी उलट असते. तीत काळ रिकामा नसतो, कारण ज्यासाठी थांबायचे ते आपल्या हातून घडायचे असते. सात दिवस नुसते मोजले, तर आठव्या दिवशी मी तीच बाई असेन जी पहिल्या दिवशी होते, आणि मग थांबण्याला शिक्षेपलीकडे अर्थ राहणार नाही.

मराठी वाचकाला या संदर्भात एकनाथांची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण काशीने मराठीची जी परीक्षा घेतली ती त्यांच्या ग्रंथाच्या निमित्ताने. भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकेचे पहिले पाच अध्याय त्यांनी पैठणात लिहिले. ते येथे पोहोचल्यावर, देवभाषेतील ग्रंथ प्राकृतात आणल्याबद्दल पंडितांनी त्यांना जाब विचारण्यास बोलावले, असे परंपरा सांगते. कथेतील चमत्कार बाजूला ठेवले तरी एक गोष्ट ग्रंथातच नमूद आहे: उरलेले अध्याय वाराणसीत लिहिले गेले आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, ग्रंथ येथेच पूर्ण झाला. एकतीस अध्यायांपैकी सव्वीस येथले. निर्णय प्रतिकूल असताना, अथवा व्हायचा असताना, नाथांनी ते दिवस वाद घालण्यात घालविले नाहीत. पुढचा अध्याय लिहिण्यात घालविले. माझ्या क्षुल्लक प्रसंगाची त्या प्रसंगाशी तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु परीक्षकाला उत्तर कशाने द्यावे, एवढे मात्र त्यावरून शिकता येते.

माझी तयारी दोन टप्प्यांनी झाली. पहिले तीन दिवस मी परीक्षेची तयारी केली, पुढचे तीन दिवस गाडी चालविण्याची. आणि या दोन गोष्टी एक नाहीत हे मला चौथ्या दिवशी कळले. मला शिकविणारे गृहस्थ पूर्वी टॅक्सी चालवीत. वयाने माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठे असतील. पहाटे आम्ही सामनेघाटचा पूल ओलांडून रामनगरच्या बाजूला जातो. तेथे एका मोकळ्या जागी मी विटा मांडल्या, मैदानावरच्या मापाने, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत एकाही विटेला न लागता गाडी मागे घेऊ लागले. परीक्षेला येणारे दहा प्रश्न पाठ करून बसलेल्या विद्यार्थ्याच्या समाधानाने मी त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, ‘बहनजी, ईंट तो अपनी जगह से हिलती नहीं.’ वीट जागची हलत नाही, माणूस हलतो.

मग त्यांनी मला मान वळवून मागे पाहायला शिकविले. सदुसष्टाव्या वर्षी मान वळविणे हे तत्त्वज्ञानाहून अवघड काम आहे. सकाळ-संध्याकाळ मी खुर्चीत बसून त्याचा सराव करते. नैयायिकांच्या या नगरीत प्रत्यक्ष आणि अनुमान यांवर मी पुष्कळ ऐकले आहे. पण मी आयुष्यभर आरशावर विसंबले होते, हे मला कोणत्याही शास्त्रार्थाने सांगितले नाही. आरसा खोटे बोलत नाही. तो फक्त अपुरे बोलतो. जे त्याच्या चौकटीत येत नाही ते नाहीच, असे आपण समजतो. त्या मुलाची केटली माझ्या आरशात नव्हती. त्या सातवीच्या वर्गातली मुलेही नव्हती.

पाचव्या दिवशी त्यांनी मला मैदागिनपर्यंत नेले. पाठीपुढे लाल ‘एल’ लावलेली गाडी, शेजारी ते. पहाटेची वेळ असूनही सायकली होत्या, फुलवाले होते, रस्त्याच्या मधोमध बसलेला एक बैल होता. तेवढ्यात एक शवयात्रा मणिकर्णिकेकडे निघालेली समोरून आली. मी गाडी कडेला घेतली आणि थांबले. यात्रा लहान होती, सात-आठ माणसे. त्यांना घाई होती. ती गेल्यावर मी आरशात पाहिले, मग मान वळवून मागे पाहिले, आणि नंतरच गाडी सुरू केली. शेजारच्या गृहस्थांनी काहीच म्हटले नाही. चार दिवसांत प्रथमच त्यांना काही म्हणावे लागले नाही.

परवा चाचणी आहे. मी उत्तीर्ण होईनच असे नाही. हात अजून कापतो. मैदानावर तर अधिकच कापेल. पुन्हा अनुत्तीर्ण झाले तर आणखी सात दिवस, आणि तिसऱ्यांदाही तेच झाले तर साठ. उत्तीर्ण झाले तरी या वयात परवाना मिळतो तो पाचच वर्षांचा. म्हणजे पुन्हा एकदा कोणालातरी, बहुधा मलाच, ठरवावे लागेल की किल्ली कधी खाली ठेवायची. या सर्वांत एक बदल मात्र झाला आहे. पहिल्या दिवशी मला वाटत होते की त्या अधिकाऱ्यांनी माझ्यावर कृपा करायला हवी होती. आता वाटते की त्यांनी केली; फक्त ती माझ्यावर नव्हती, त्या मुलावर होती, आणि तिची किंमत त्यांनी दुसऱ्या कोणाकडून घेतली नाही. माझे सात दिवस ही ती किंमत. ती फार नाही.

काल संध्याकाळी यजमानांनी विचारले, ‘परवा किती वाजता निघायचे?’ मी म्हटले, ‘तुम्ही कशाला येता? तेथे उन्हात बसावे लागेल.’ ते म्हणाले, ‘बसेन. तू गाडी मागे घेशील तेव्हा मागे कोणीतरी असायला हवे ना?’ त्यांना आता फार लांबचे दिसत नाही. तरीही मी त्यांना येऊ नका असे पुन्हा म्हटले नाही.